दोस्त की रयत?

रोमनं मुलूख दोन तऱ्हांनी वाढवला. पहिली तऱ्हा दोस्तीची: इ.स.पू. ३३८ मध्ये शेजारची लॅटिन शहरं हरल्यावर काहींना थेट नागरिकत्व मिळालं. अँटियम या हरलेल्या बंदराच्या जहाजांच्या चोची (टक्कर मारायची पुढची टोकं) उखडून रोमच्या फोरममधल्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, व्यासपीठाला ठोकल्या, पण तिथल्या लोकांनाही नागरिक करून घेतलं! उरलेल्यांना दोस्त करून त्यांच्याकडून कर नाही, सैनिक घ्यायचे. म्हणूनच इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबलनं रोमन फौज कापून काढली, कापुआ हे शहर फितूर झालं, तरी रोमनं वसवलेल्या लॅटिन वसाहती हलल्या नाहीत.

दुसरी तऱ्हा सिसिलीची: वर सुभेदार, खाली रयत आणि धान्याचा दहावा हिस्सा. पैसा झटपट आला, पण व्हेरेससारख्या सुभेदारानं देवळांतल्या मूर्तीही सोडल्या नाहीत. माझ्या मते रोमची खरी ताकद पहिल्या तऱ्हेतच होती.