लाइटफुटचे ‘अपोस्टॉलिक फादर्स’: काही महिने वापरल्यावर

एकोणिसाव्या शतकातले इंग्रज बिशप जोसेफ बार्बर लाइटफुट यांच्या ‘अपोस्टॉलिक फादर्स’चे पाचही खंड गेले काही महिने माझ्या टॅबवर आहेत. त्यातला एक छापून, स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवलाय. पुस्तक जुनं आहे. इग्नाशियस आणि पॉलीकार्प यांच्यावरचे तीन खंड 1885 मध्ये आले, 1889 मध्ये सुधारून पुन्हा निघाले. क्लेमेंटवरचे दोन 1890 चे, म्हणजे लेखक वारल्यानंतरचे. स्वामित्वहक्क कधीच संपलेत, त्यामुळे स्कॅन फुकट मिळतात. फुकट आहे म्हणून उतरवून ठेवणारे पुष्कळ भेटले, उघडून वाचणारा क्वचित. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्या करारातली पत्रं संपली की पुढच्या पिढीची पत्रं सुरू होतात; याच पिढीला ‘अपोस्टॉलिक फादर्स’ म्हणतात. रोमच्या मंडळीनं करिंथकरांना लिहिलेलं एक (क्लेमेंटच्या नावानं ओळखलं जाणारं), अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याची काही, स्मुर्णाच्या पॉलीकार्पचं एक. मला मुख्यतः इग्नाशियस हवा होता. त्याची पत्रं खरी की बनावट यावर चारशेहून जास्त वर्षं वाद चाललाय आणि तो वाद पुराव्यांनी कसा लढला गेला ते मुळातून बघायचं होतं. निकाल काय लागला ते कुठल्याही विश्वकोशात मिळतं.

थोडक्यात प्रकरण असं. इग्नाशियसला पकडून सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला नेत होते, तिथं श्वापदांपुढे टाकण्यासाठी. वाटेत स्मुर्णाच्या मुक्कामात त्यानं चार पत्रं लिहिली: इफिस, मग्नेशिया, त्राल्लेस आणि रोम इथल्या मंडळ्यांना. त्रोवसहून आणखी तीन: फिलदेल्फिया, स्मुर्णा आणि स्वतः पॉलीकार्पला. हा सातचा हिशेब चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियसनं आपल्या चर्चच्या इतिहासात नोंदवून ठेवलाय. पण छपाईच्या युगात हाती आलेल्या प्रतींत पत्रं होती तेरा! हीच सात, पण फुगवलेली, आणि वर सहा नवी. लॅटिनमध्ये तर इग्नाशियसनं थेट येशूच्या आईला, मरियेला लिहिलेलं पत्र आणि तिचं उत्तरही फिरत होतं. धर्मसुधारक कॅल्व्हिननं या सगळ्याला केरकचरा ठरवलं, आणि समोर होतं ते पाहता त्याचं काही चुकलं नव्हतं.

भांडण तापायचं कारण मात्र वेगळं. इग्नाशियस पानोपानी सांगतो की बिशपला सोडून काही करू नका. चर्चमध्ये बिशप असावेत की नसावेत यावर इंग्लंडात रणकंदन माजलेलं असताना ही पत्रं खरी ठरणं एका पक्षाला परवडणारं नव्हतं आणि खोटी ठरणं दुसऱ्याला. या धामधुमीत आर्माचा आर्चबिशप जेम्स अशर यानं जे शोधून काढलं, त्याची हकीकत लाइटफुटच्या पहिल्या खंडात आहे. फक्त तेवढ्यासाठीसुद्धा हा खंड उघडावा.

अशरच्या लक्षात आलं की लिंकनचा तेराव्या शतकातला बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट आणि त्याच्यानंतरचे एक-दोन इंग्रज लेखक इग्नाशियसची जी वाक्यं देतात, ती छापील पुस्तकांशी जुळत नाहीत, पण युसेबियस आणि पाचव्या शतकातला बिशप थिओडोरेट यांनी उद्धृत केलेल्या मजकुराशी जुळतात. म्हणजे इंग्लंडातच कुठेतरी वेगळी प्रत असणार. त्यानं शोध घेतला आणि दोन लॅटिन हस्तलिखितं हाती लागली. एक केंब्रिजच्या कीझ कॉलेजात, दुसरं एका बिशपच्या संग्रहात. हे दुसरं पुढे गहाळ झालं. 1644 मध्ये अशरनं ऑक्सफर्डला आपलं पुस्तक छापलं. दोनच वर्षांत आयझॅक फॉसियसनं फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितावरून तीच आटोपशीर, न फुगवलेली संहिता ग्रीकमध्ये प्रसिद्ध केली. त्या हस्तलिखितात रोमकरांचं पत्र नव्हतं. ते ग्रीकमध्ये 1689 मध्ये पॅरिसहून आलं. (सृष्टी इसवी सनापूर्वी 4004 मध्ये निर्माण झाली असं गणित मांडणारा अशर तो हाच. त्या गणितावरून त्याची टर उडवणाऱ्यांनी हे काम एकदा बघावं.)

आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण भर कुठली आणि मूळ कुठलं हे प्रत्यक्षात कसं ठरवतात ते सहसा कोणी दाखवत नाही. लाइटफुट ते पान उलगडून दाखवतो. वाढीव सहापैकी अंत्युखियाकरांच्या पत्रात उपसेवक, वाचक, गायक, द्वारपाल, भुतं काढणारे अशा सगळ्यांना नमस्कार आहेत. सात पत्रांत फक्त बिशप, वडील आणि सेवक एवढेच. दुसऱ्या शतकाच्या आरंभी मंडळीत एवढा कर्मचारीवर्ग कुठून यायचा? फुगवलेल्या फिलदेल्फियाच्या पत्रात पेत्र आणि पौल विवाहित असल्याचा उल्लेख घुसलाय. शिवाय शास्त्रवचनांची पोतीच्या पोती ओतलेली. हा भर घालणारा चौथ्या शतकातला, याबद्दल लाइटफुट वाचल्यावर शंकेला जागा राहत नाही.

आता खुद्द वापराबद्दल. सात पत्रांच्या खंडात पानाची रचना अशी: वर ग्रीक मजकुराच्या चार-पाच ओळी, त्याखाली पाठभेद, आणि उरलेलं सगळं पान दोन रकान्यांत बारीक टिपांनी भरलेलं. सुरुवातीला डोळे गरगरतात. पाठभेदांत मोठं जी म्हणजे सात पत्रांची ग्रीक संहिता, लहान जी म्हणजे फुगवणाऱ्याची. एल लॅटिन, ए आर्मेनियन. एवढं एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवलं की वाचन सुरळीत होतं.

टिपा किती मुरलेल्या आहेत याचा एकच नमुना देतो. रोमकरांच्या पत्रात इग्नाशियस म्हणतो की सिरियापासून रोमपर्यंत मी श्वापदांशीच लढतोय, दहा बिबट्यांना जखडलेला आहे, म्हणजे शिपायांच्या तुकडीला. यावर जुना आक्षेप असा की मूळ ग्रीकमध्ये जो ‘लेओपार्दोस’ आहे तो शब्दच कॉन्स्टंटाइनच्या काळाआधी सापडत नाही, म्हणून पत्र बनावट. लाइटफुट यावर भाषण देत नाही. मार्कस ऑरेलियस आणि कोमोडस या बापलेकांच्या संयुक्त कारकिर्दीतलं, म्हणजे 177 ते 180 मधलं, जकातीचं एक फर्मान काढून दाखवतो. जकात लागणाऱ्या मालाच्या यादीत सिंह आहेत, तसे हे बिबटेही आहेत. जो शब्द जकात नाक्यावरच्या यादीत बसलाय तो लोकांच्या तोंडी त्याआधी कितीतरी वर्षं असणार. इग्नाशियसचा काळ लाइटफुट 110 च्या मागेपुढे धरतो. साठ-सत्तर वर्षांचं अंतर उरतंच, पण आक्षेपातली हवा गेली.

माणूस म्हणूनही लाइटफुट मला आवडला. 1845 मध्ये विल्यम क्युरटननं इजिप्तच्या वाळवंटातल्या मठातून आलेल्या सिरियाक (प्राचीन सिरियातली भाषा) हस्तलिखितांवरून फक्त तीन आखूड पत्रं छापली आणि हीच खरी, बाकी सगळी भर असं जाहीर केलं. लाइटफुट आधी त्याच बाजूला झुकला होता. मग थिओडोर त्सान यांचं 1873 चं पुस्तक आलं, लाइटफुटनं पुन्हा सगळं तपासलं आणि मत फिरवलं: सिरियाक हा सातातल्या तिघांचा संक्षेप आहे, मूळ नव्हे. हे तो प्रस्तावनेत सरळ सांगतो.

इथपर्यंत कौतुक. पण पुस्तकाबरोबर बरेच दिवस काढल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. इथे प्रश्न दोन आहेत आणि लाइटफुटच्या ओघात ते एकमेकांत मिसळतात. तीन, सात की तेरा, हा पहिला. त्याचं उत्तर हस्तलिखितं आणि उद्धृतं यांनी मिळतं, आणि ते ‘सात’ असं पक्कं मिळालंय. ही सात पत्रं खरोखर त्या बेड्या घातलेल्या बिशपनंच लिहिली का, हा दुसरा. इथे हस्तलिखितं मदतीला येत नाहीत, कारण सातांचाच संच कोणी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रचला असेल तर त्याच्या प्रतीही अशाच दिसल्या असत्या. या दुसऱ्या प्रश्नावर लाइटफुट वारंवार एकच शस्त्र काढतो: बनावट करणाऱ्यानं असं कशाला लिहिलं असतं? रोमकरांच्या पत्रात बिशपचं नावही नाही. बिशपांचा महिमा वाढवायला निघालेल्या भामट्यानं रोमचाच बिशप वगळला असता का? युक्तिवाद चांगला आहे, पण भामटा हुशार असेल तर तो उलटतो. तारखेचंही तेच. सातांत रोमच्या एकाच पत्रावर तारीख आहे, 24 ऑगस्टची, आणि वर्ष नाही. प्रवासातला माणूस असंच लिहील, हे मला पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि हा फरक व्हिक्टोरियन काळातला हा बिशप दरवेळी राखत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचा खरा खांब म्हणजे पॉलीकार्पचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र, आणि पुस्तकाचा सर्वांत जास्त वापर माझ्याकडून त्याच भागाचा झाला. तेराव्या अध्यायात पॉलीकार्प लिहितो की इग्नाशियसची आमच्याकडे आहेत ती पत्रं सोबत जोडून पाठवतोय. साक्षीदार समकालीन, ओळखीचा. म्हणजे खटला संपला? विरोधकांनी बरोबर इथेच बोट ठेवलं. नवव्या अध्यायात इग्नाशियस हुतात्मा झालेला आहे, आणि तेराव्यात पॉलीकार्प विचारतो की त्याच्याबद्दल आणि जे त्याच्यासोबत ‘आहेत’ त्यांच्याबद्दल काही नक्की कळलं असेल तर कळवा. मेलेल्या माणसासोबत कोण आहे? यावरून तेरावा अध्याय घुसडलेला ठरवला गेला.

लाइटफुटचं उत्तर वाचण्यासारखं आहे. पॉलीकार्पच्या या पत्राची सगळी ग्रीक हस्तलिखितं नवव्या अध्यायाच्या अखेरीस तुटतात आणि तिथून वाक्य न थांबता बर्नबाच्या नावावरच्या पत्रात शिरतं; म्हणजे ती सगळी एकाच पानं गळालेल्या प्रतीची पोरं. पुढचा भाग लॅटिन भाषांतरातून येतो. तेराव्या अध्यायाचं बहुतेक ग्रीक युसेबियसमुळे वाचलंय, पण नेमकं हे शेवटचं वाक्य त्यानं घेतलं नाही. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद नसणार, नुसतं ‘त्याच्यासोबतचे’ असणार, आणि वर्तमानकाळ लॅटिनकारानं आपल्या पदरचा घातला असणार, असं लाइटफुट म्हणतो. मला हे पटतं. पण 1936 मध्ये पी. एन. हॅरिसन यांनी वेगळी वाट काढली: ही मुळात दोन पत्रं, एक इग्नाशियस जिवंत असतानाचं चिठ्ठीवजा, दुसरं बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं, पुढे जोडलेली. अर्थातच हे लाइटफुटमध्ये मिळणार नाही. 1979 मधलं रोबेर जोली यांचं किंवा 1997 मधलं राइनहार्ड ह्यूबनर यांचं सातही पत्रं बनावट ठरवणारं लिखाणही नाही. आजही बहुसंख्य अभ्यासक सात पत्रं इग्नाशियसची मानतात, पण वाद मिटला अशा भ्रमात हे पुस्तक ठेवतं.

क्लेमेंटचे खंड मी कमी वापरले. करिंथकरांच्या त्या पत्रात क्लेमेंटचं नाव कुठेच नाही, लिहिणारी आहे रोमची मंडळी. नाव परंपरेनं दिलेलं. 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला फिलोथिओस ब्रिएनियोस यांना 1056 सालचं संपूर्ण हस्तलिखित सापडल्यावर आधीच्या प्रतीतली गाळलेली जागा कशी भरली, तो भाग छान आहे. ‘दुसरं क्लेमेंट’ हे पत्रच नव्हे, प्रवचन आहे, हेही तिथं नीट कळतं. मात्र या पत्राचं जुनं लॅटिन भाषांतर 1894 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा लाइटफुटला जाऊन पाच वर्षं होत आली होती.

त्रास कुठे होतो? लॅटिन उतारे अनुवादाविना येतात, वाचकाला ते येत असणार असं गृहीत धरून. स्कॅनमध्ये ग्रीक शब्द शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, कारण यंत्राला ती अक्षरं वाचताच आलेली नाहीत. मागची सूची वापरा, ती उत्तम आहे. मोबाइलवर टिपा वाचणं अशक्य. छापून घेणार असाल तर दुकानदाराला समास कापू नका म्हणून बजावा. माझ्या प्रतीत समासातले ओळींचे आकडे उडाले आणि पाठभेदांच्या नोंदी त्या आकड्यांवरच चालतात.

नुसती पत्रं वाचायची असतील तर हे पाच खंड नकोत. लाइटफुटचंच, हार्मर यांनी पूर्ण केलेलं 1891 चं एकखंडी पुस्तक पुरेल, त्यात मजकूर आणि इंग्रजी भाषांतर आहे. सेमिनरीत शिकणाऱ्यांनी, जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांनी आणि अभ्यासवर्ग घेणाऱ्या पाळकांनी मात्र मोठाच संच घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी सव्वाचार. पाऊण गुण कापला तो दोन प्रश्न एकत्र कालवल्याबद्दल. सुरुवात पहिल्या खंडापासून न करता पॉलीकार्पच्या पत्रापासून करा. आणि उतरवताना 1889 ची आवृत्तीच बघून घ्या. 1885 मध्ये खंडांची विभागणी वेगळी होती, त्यामुळे नव्या पुस्तकांत दिलेले पानांचे आकडे तिच्याशी जुळत नाहीत.