दोन सुया की एक क्रोशा? पहिल्यांदा लोकर हातात घेणाऱ्यांसाठी

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, विणायला शिकायचंय. सुया घेऊ की क्रोशा?" मी विचारलं, "विणायचंय काय?" तर म्हणे, "ते अजून नाही ठरवलं."

बहुतेकांचं असंच होतं. कुणाच्या तरी मांडीवर काहीतरी मऊ, रंगीत वाढताना दिसतं आणि हात शिवशिवायला लागतात. मग दुकानात गेलं की एका डब्यात सुयांच्या जोड्या, दुसऱ्यात टोकाला आकडा असलेल्या काड्या. दुकानदार विचारतो कितवा नंबर, आणि आपण त्याच्याकडे बघत उभे.

मी दोन्ही करते. सुया शाळेत असताना आईकडून शिकले, क्रोशा चाळिशी उलटल्यावर, पडद्यावरचे व्हिडिओ थांबवत थांबवत. दोन्हीकडे भरपूर उसवलंय. त्यामुळे "दोन्ही छान आहे, आवडेल ते घ्या" असं गुळमुळीत उत्तर मी तिला दिलं नाही, इथेही देणार नाही.

हातात नेमकं काय चालतं

सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे बसलेले असतात. चाळीस टाक्यांचा मफलर असेल तर चाळीस फासे सुईवर. डाव्या सुईवरचा एकेक टाका उजवीवर घ्यायचा, ओळ संपली की सुया बदलायच्या. टाके मुळात दोनच: सुलट आणि उलट. जाळी, वेण्या, बॉर्डर, सगळं या दोघांच्या जोरावर.

क्रोशात जिवंत फास एकच असतो, आकड्यावरचा. बाकीचं काम मागे पक्कं होत जातं. आधी साखळी, मग तिच्यात खांब, म्हणजे उभे टाके, बुटक्यापासून उंचापर्यंत: मुके खांब, अर्धे खांब, पूर्ण खांब. टाक्यांची नावं जास्त, पण हाताची हालचाल फिरून फिरून तीच: दोरा आकड्यावर घ्या आणि फासातून ओढा.

उघडे फास चाळीस असणं आणि एक असणं, या दोन कलांमधला बराचसा फरक इथूनच निघतो.

चूक झाली की

नवशिक्याला मजा येते की नाही, हे टाके किती सुबक येतात त्यावर फारसं ठरत नाही. चूक झाल्यावर काय करावं लागतं, त्यावर ठरतं. कारण चुका होणारच.

माझा पहिला मफलर 24 टाक्यांनी सुरू झाला आणि वीतभर लांबीला पोचेपर्यंत 31 टाक्यांचा झाला. कुठून आले हे सात पाहुणे? ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे टाकली की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाक्यांसारखे दिसतात. मी दोन्ही पाय निष्ठेने विणत होते. आईने हातात घेतलं, मोजलं आणि सगळं उसवलं. मी रडले होते.

सुयांवर याहून भीतीदायक प्रकार म्हणजे टाका गळणं. मधलाच एखादा फास सुईवरून निसटतो आणि खालच्या ओळींतून सरसर उसवत जातो. कापडात चक्क शिडी तयार होते. पहिल्यांदा हे झालं की नवा माणूस सुया पिशवीत भरून कपाटात टाकतो, त्या पुढच्या दिवाळीच्या साफसफाईला बाहेर येतात. खरं तर उपाय सोपा आहे. शिडीच्या तळाशी लोंबणारा फास पकडायचा, त्याच्यावरची आडवी पायरी त्यातून पुढे ओढायची, की तीच नवा फास होते. अशा एकेक पायऱ्या चढत वर यायचं. पाच मिनिटांचं काम. आणि ते करायला सगळ्यात सोयीचं हत्यार कोणतं? क्रोशाची सुई. म्हणून सुया घेणाऱ्यांनीही एक क्रोशा पिशवीत ठेवावाच.

चार ओळी मागे जायचं असेल तर मात्र सुया छळतात. सुई काढून उसवायचं आणि मग ते सगळे उघडे फास, एकही न गाळता, न पिळता, पुन्हा सुईवर चढवायचे.

क्रोशात आकडा काढा, दोरा ओढा, चुकलेल्या जागेपर्यंत भर्रकन उसवा, एका फासात आकडा घाला आणि चालू लागा. मधेच दार वाजलं, दूध उतू गेलं, बाळ उठलं, तरी बिघडत काही नाही. फासात सेफ्टी पिन अडकवून ठेवली की झालं.

म्हणजे क्रोशात चुका होत नाहीत असं नाही. तिथली नेहमीची चूक म्हणजे कडेचा खांब हरवणं. ओळीच्या शेवटी, वळताना घातलेल्या साखळीच्या डोक्यावर एक खांब घालायचा असतो, तो दिसतच नाही. दर ओळीला एक गळतो आणि चौकोनी रुमालाचा हळूहळू समोसा होतो. पहिले पंधरा दिवस प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे, कंटाळा आला तरी. हे सुयांनाही लागू.

हाती काही लागायला किती दिवस

हिशोबच मांडते, माझ्या हाताचा. मध्यम जाडीची लोकर, 4 मिलिमीटरच्या सुया, वीतभर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर, सगळ्या ओळी सुलट. साधारण 40 टाके आणि 600 च्या आसपास ओळी. म्हणजे चोवीस हजार टाके. तेवढाच मफलर जरा जाड आकड्याने पूर्ण खांबांत केला तर 30 खांबांच्या 120 ओळी, म्हणजे 3,600 खांब. एका खांबाला सुलट टाक्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तरी क्रोशाचा मफलर निम्म्या वेळात गळ्यात येतो.

त्याहून महत्त्वाचं, क्रोशात मफलरपाशी जायचीही गरज नसते. चहाच्या कपाखालचा गोल एका संध्याकाळी होतो. मधून सुरू करून चारी बाजूंनी वाढणारा चौकोन, ज्याला सगळे ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमतो. असे चौकोन करत राहायचं आणि मग जोडायचे. चेन्नईत 2016 साली बायकांनी जोडलेल्या क्रोशाच्या चादरीचा गिनीज विक्रम झाला, 11,148.5 चौरस मीटरचा. तीही घरोघरी केलेल्या तुकड्यांची जोड होती. आपल्याला एवढं काही करायचं नाही, पण ज्यांचं हाती घेतलेलं काम निम्म्यावर सुटतं (मी हात वर केलाय), त्यांच्यासाठी तुकड्यातुकड्यांनी संपणारं काम सोन्यासारखं.

सुयांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. दोन-तीन आठवडे हाताला वळण लागलं की सुलट ओळ बघावी लागत नाही. मालिका बघत, गप्पा मारत, अंधाऱ्या बसमध्येसुद्धा हात चालतात. ती एक गुंगी असते. क्रोशात आकडा कुठे घालायचा हे दर टाक्याला बघावं लागतं, त्यामुळे डोळे अडकून राहतात. मला डोकं शांत करायचं असतं तेव्हा मी सुया काढते. काहीतरी पुरं करून दाखवायचं असतं तेव्हा क्रोशा.

कापड कसं होतं

अंगातल्या टी-शर्टचं कापड जवळून बघा. उभ्या वेणीसारखे बारीक पेड दिसतील. ते सुलट टाकेच, यंत्रावर घातलेले. सुयांचं कापड असं असतं: ताणलं की ताणतं, सोडलं की जागेवर येतं, अंगावर पडतं छान. म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजे सुयांवरचेच चांगले. क्रोशाचा स्वेटर करता येतो, मी केलाय. उभा ठेवला तर उभा राहतो.

क्रोशाचं कापड जाड, घट्ट, कमी ताणणारं. म्हणून पिशव्या, टोपल्या, मोबाईलचं पाकीट, खेळणी ही त्याची जागा. सुयांवर विणलेल्या पिशवीत दोन किलो बटाटे घाला, पिशवी गुडघ्यापर्यंत येईल. जपानी पद्धतीची ती गुबगुबीत बाहुली-प्राणी, अमिगुरुमी, मुक्या खांबांच्या घट्ट विणीत होतात, कारण आतला कापूस बाहेर डोकावत नाही. शिवाय दारावरचं तोरण, ताटाभोवतीची नक्षी, आजीच्या काळातले रेडिओवरचे रुमाल हे सगळं क्रोशाचं राज्य. ते रुमाल साबुदाण्याच्या खळीत बुडवून ताठ केलेले असत.

बाळासाठी टोपडं-मोजे करायचे असतील तर दोन्ही चालेल, फक्त मोठ्या भोकांची जाळी नको. बोटं अडकतात.

एक सावधगिरी सुयावाल्यांसाठी. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मफलर पहिल्याच फटक्यात करू नका. दिसतो सुरेख, पण कडा आत वळतात आणि सुरळीची वडी होते. सगळ्या ओळी सुलट, किंवा प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, एक टाका उलट अशी बॉर्डरची वीण घ्या. ती सपाट राहते.

जाता जाता: खरा क्रोशा आजही हातानेच होतो, यंत्रावर निघते ती त्याच्यासारखी दिसणारी लेस. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर हे काम आलं आणि तिथल्या बायका ते अजूनही घरी बसून, नगावर करतात. बाजारात हाताने केलेला क्रोशाचा टॉप फारच स्वस्त मिळाला तर त्या किमतीत मजुरी किती असेल, हे एक मफलर पुरा केल्यावर आपोआप कळतं.

दुकानात

खर्चाच्या बाबतीत डोकं शिणवू नका. सुयांची एक जोडी किंवा एक क्रोशा आणि एखाद-दुसरा गुंडा, दोन-तीनशे रुपयांत भागतं. क्रोशाला त्याच मापाच्या कामासाठी लोकर जास्त लागते, चौथा ते तिसरा हिस्सा जास्त धरून चाला.

नंबरांचा घोळ मात्र समजून घ्या. आपल्याकडे अजूनही जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकेत उलटं, तिथला 8 नंबर 5 मिलिमीटरचा. म्हणून मिलिमीटरमध्येच मागा. सुया 4 च्या, क्रोशा 4.5 किंवा 5 चा.

क्रोशाच्या नमुन्यांत आणखी एक खड्डा आहे. अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला पूर्ण खांब, ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब. नाव तेच, टाका वेगळा. नमुना कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर टोपी करायला जाल आणि वाटी होईल. 'सिंगल क्रोशे' हे शब्द दिसले की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश नमुन्यात ते नाव सहसा येत नाही.

लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत, एकरंगी. काळी नको, टाके दिसत नाहीत. केसाळ तर अजिबात नको, उसवता येत नाही. सुयांसाठी ॲक्रिलिक बरं, थोडं ताणतं, हाताला सोसतं. फक्त त्याला गरम इस्त्री लावू नका, कायमचं लुळं पडतं. क्रोशाला सुती दोराही चालतो, आणि मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना तोच उपयोगाचा. मफलर घालणार कधी?

डावखुऱ्यांचं काय? सुयांवर दोन्ही हात कामाला असतात, त्यामुळे बरेच डावखुरे सरळ नेहमीच्या पद्धतीनेच शिकतात. क्रोशात आकडा डाव्या हातात येतो आणि सगळं आरशातल्यासारखं उलटतं. डावखुऱ्यांसाठीचे वेगळे व्हिडिओ शोधावे लागतात. मनगट दुखत असेल तर सुया बऱ्या, भार दोन हातांत वाटला जातो. मला क्रोशा तासाभराच्या वर झेपत नाही. लोकलमध्ये मात्र क्रोशाच: लांब सुयांची टोकं शेजारणीच्या बरगडीत जातात, आणि उतरायच्या घाईत सुईवरून टाके घसरले की दिवस गेला.

मग कोणी काय घ्यावं

घरात किंवा शेजारी सुयांवर विणणारं कुणी असेल आणि तुम्हाला अंगावर घालायचंच काही करायचं असेल, तर सरळ सुया घ्या. "आधी क्रोशा, मग सुया" अशी शिडी लोक सांगतात, मला ती पटत नाही. एकाचा सराव दुसऱ्याला फारसा कामी येत नाही. लोकर बोटांत धरायची सवय होते, तेवढीच.

एकटीने, व्हिडिओ बघून, फावल्या वेळात, काय करायचं ते न ठरवता शिकायचं असेल तर क्रोशा. चूक निस्तरायला कुणाला हाक मारावी लागत नाही आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर ठेवायला काहीतरी असतं.

भाची या दुसऱ्या गटातली. तिला 5 मिलिमीटरचा क्रोशा आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा घ्यायला लावला. काल फोटो आला: रुमाल करायला घेतला होता, समोसा झालाय. मी कळवलं, कडेचे खांब मोज. तिचं उत्तर आलं, "उसवणार नाही. मांजराला गळ्यात बांधलाय."