बिघाड एका दाराचा, बिल चार दारांचं

पावसाळ्यात मुंबईतल्या जुन्या गाड्यांची सेंट्रल लॉक रुसायला लागतात आणि फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार सुरू होतो. मागचं एक दार रिमोटने बंद होत नाही म्हणून गाडी गॅरेजला जाते. कारागीर दोनदा बटण दाबतो, "किट गेलंय साहेब, चारही दारांच्या लॉकच्या मोटरी बदलाव्या लागतील." संध्याकाळी सगळी दारं चालू, बिल पूर्ण किटचं, आणि जुन्या मोटरी 'फेकल्या'. त्यांतल्या तीन बहुधा धडधाकट असतात.

कंपनीचं नसलेल्या, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये युनिटमधून, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या डब्यातून, निघालेल्या दोनच वायरी फुटून सगळ्या दारांच्या मोटरींकडे जातात. म्हणजे तीन दारं चालतात आणि एक नाही, तर युनिट ठीक आहे. सगळीच गप्प असतील तर आधी फ्यूज पाहायचा.

एकट्या दाराचा दोष बहुतेकदा दार आणि ते ज्याला टांगलेलं असतं त्या गाडीच्या खांबामधल्या रबरी नळीत सापडतो. दार उघडताना-मिटताना तिथली वायर दरवेळी वाकते, शेवटी आतून तुटते. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

तपासायला दाराचं पॅड, म्हणजे आतलं आच्छादन, काढून मोटरच्या दोन वायरींना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि लॉकचं बटण दाबा. बल्ब क्षणभर लख्ख पेटला तर वायर चांगली. मग मोटर, तिला लॉकशी जोडणारी सळई किंवा सुकलेलं लॉक पाहा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर वायर. इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका: एक तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, मोटर मात्र हलत नाही.

दारं बंद होऊन लगेच उघडतात, याला 'कॉम्प्युटर उडाला' म्हणून खपवतात. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला पाच वायरी असतात, दोन मोटरच्या, तीन स्विचच्या. स्क्रू ढिले होऊन सळई पूर्ण सरकली नाही की स्विच उलटा इशारा देतो. स्क्रू आवळून सळई जुळवली की बऱ्याचदा काम होतं.

पॅड उघडलं की प्रत्येक मोटरवर मार्करने खूण करा, जुने भाग परत हवेत हे आधीच सांगा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड घेऊ नका, सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) मागा. आणि पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाडू देऊ नका. तो गेला की पाणी थेट गाडीत.