हिऱ्याऐवजी कोणता खडा घ्यावा? झिरकोनिया, मॉइसनाइट आणि इतर पर्याय

खडा निवडण्याआधी दागिना कुठे आणि किती वेळा घालणार, ते ठरवा. कानातली आणि पेंडंट फारशी कशावर घासत नाहीत. अंगठी मात्र दिवसभर कुठे ना कुठे आपटत असते. शिवाय साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्स मापनश्रेणीवर (खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणारी श्रेणी) त्यांची कठीणता ७ भरते. त्याहून मऊ खडा कोरड्या फडक्याने पुसला तरी ओरखडतो. काचेची कठीणता ५ ते ६ असते, त्यामुळे रोजच्या अंगठीत काच नकोच.

खरी निवड असते ती क्युबिक झिरकोनिया, म्हणजे अमेरिकन डायमंड, आणि मॉइसनाइट यांच्यात. झिरकोनियाची कठीणता ८ ते ८.५. नवा असताना तो डोळ्यांना हिऱ्याच्या बराच जवळचा वाटतो. रंगांची उधळण तर हिऱ्याहून थोडी जास्तच. पण रोजच्या वापरात पैलूंच्या कडा बोथट होतात, वरच्या सपाट पैलूवर बारीक ओरखडे साठतात आणि खडा धुरकट दिसू लागतो. अशी झीज धुऊन जात नाही, खडाच बदलावा लागतो. कानातल्यांत मात्र हाच खडा वर्षानुवर्षे चांगला राहतो. तिथे जास्त खर्च करण्यात अर्थ नाही.

मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना १८९३ साली अमेरिकेतल्या अॅरिझोनातल्या उल्काविवरातल्या नमुन्यांत तो सापडला; दागिन्यांतला सगळा प्रयोगशाळेत बनतो. कठीणता ९.२५, त्यामुळे रोजच्या अंगठीसाठी आम्ही हाच सुचवू. मात्र त्याचे रंगविकिरण, म्हणजे पांढरा प्रकाश रंगांत फोडण्याचे प्रमाण, ०.१०४ आहे, हिऱ्याचे ०.०४४. मोठ्या खड्यात इंद्रधनुषी झगमगाट लगेच नजरेत भरतो. तो खटकत असेल तर लहान खडा घ्या.

पांढरा नीलम कठीणतेत ९, पण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, जेमतेम १.७७ (हिऱ्याचा २.४२), म्हणून चमक मवाळ, आणि तेलकट थर बसला की तो थेट काचेसारखा दिसतो. पांढरा पुष्कराज ८ असूनही एका ठरावीक दिशेने सहज दुभंगतो; एक नेमका फटका पुरतो. झिरकॉन हे वेगळेच नैसर्गिक खनिज आहे, त्याला झिरकोनिया समजू नका. त्याच्या कडांचे टवके उडतात.

खरेदी करताना आकार कॅरेटमध्ये नव्हे, मिलिमीटरमध्ये विचारा. ६.५ मिमीचा गोल हिरा साधारण १ कॅरेटचा असतो. तेवढाच मॉइसनाइट सुमारे ०.९ कॅरेटचा, तर झिरकोनिया १.६ च्या पुढे.

कोंदणही तपासा. चिकटवलेल्या किंवा मागे चंदेरी मुलामा असलेल्या खड्यात पाणी शिरले की तो काळवंडतो. तो ओल्या फडक्याने पुसा, बुडवू नका. बाकीचे खडे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने मागच्या बाजूनेही धुवा. डागकाम (दागिना तापवून जोडणे) करायचे असेल तर झिरकोनिया आधी काढायला सांगा; तापलेला खडा एकदम पाण्यात गेला तर तडकतो.

प्रयोगशाळेतला हिरा नक्कल नाही, तो हिराच आहे. त्या नावाखाली मॉइसनाइट मिळत नाही ना, हे पाहायला फक्त उष्णतावाहकता मोजणारे यंत्र पुरत नाही, कारण मॉइसनाइटलाही ते हिराच ठरवते. दहापट भिंगातून खडा तिरका धरून पाहा. मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या तर तो हिरा नव्हे.