लेदर सीटचे डाग ‘मुळापासून’ काढून देणाऱ्यांविषयी सावधगिरीची सूचना

पाऊस ओसरू लागला की रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत घरी येऊन गाडी आतून साफ करून देणारी मंडळी फिरू लागतात. त्यांतले बरेच जण प्रामाणिकपणे काम करतात. परंतु ‘लेदर रिस्टोरेशन’ या भारदस्त नावाखाली सीटचे डाग काढण्याऐवजी त्यांच्यावर रंग फासून निघून जाणारेही काही आहेत. अशाच एकाने आमच्याकडून दहा हजार रुपये घेतले आणि सीटची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट करून ठेवली. त्याची पद्धत इतकी सराईत होती की ती सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमची गाडी सेकंडहँड घेतलेली असून तिच्या सीट फिकट बदामी रंगाच्या आहेत. कोकणात हा रंग सांभाळणे किती कठीण आहे, हे गाडी वापरणाऱ्यांना सांगायला नको. जांभ्याची तांबडी धूळ सगळीकडे बसते, पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच येते आणि चार दिवस गाडी बंद राहिली तरी सीटवर पांढरट बुरशी धरते. त्यात चालकाच्या सीटवर जीन्सचा निळसर रंग उतरलेला होता, मागच्या सीटवर कोकम आगळाची बाटली कलंडून पडलेला डाग होता आणि मुलाने बॉलपेनने ओढलेली एक लांबलचक रेघ होती. डाग असे निरनिराळ्या जातीचे होते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. या माणसाने मात्र सगळ्यांना एकच औषध लावले.

आमच्याच सोसायटीत त्याने आदल्या दिवशी एक काम केले होते आणि ती गाडी आरशासारखी चमकत होती, त्यामुळे त्याला बोलावण्यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. त्याने आधी नमुना म्हणून काम करून दाखवले. चालकाच्या सीटचा तळहाताएवढा भाग त्याने स्वतःच निवडला, त्यावर फेस लावला, मऊ ब्रश फिरवला आणि पांढऱ्या फडक्याने पुसून घेतले. फडके काळे झाले आणि खालचा मूळ रंग उजळून निघाला. “बघा वहिनी, किती वर्षांचा मळ आहे हा,” असे तो माझ्या पत्नीला म्हणाला. ते खरेही होते. सौम्य साबणाच्या पाण्याने निघणारा तो साधा मळ होता. आगळाच्या डागावर किंवा पेनच्या रेघेवर त्याने नमुना दाखवला नाही, ही गोष्ट आता ठळकपणे जाणवते.

त्यानंतर त्याने सीटवर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तसाच गोल राहिला, आत मुरला नाही. “साहेब, पाणी आत जात नाही म्हणजे चामड्याची छिद्रं बंद झालीत. चामडं गुदमरलंय, आता त्याला तडे जाणार,” असे त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितले. हा दावा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या चामड्यावर आधी रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर दिलेला असतो. पाण्याचा थेंब वर टिकून राहतो, याचा अर्थ तो वरचा थर शाबूत आहे. थेंब आत मुरून तिथे काळपट ठिपका उमटला, तर मात्र काळजी करण्याचे कारण असते. म्हणजे आमच्या सीट निरोगी असल्याचा पुरावाच त्याने आजाराचे लक्षण म्हणून दाखवला.

पाठीच्या भागावर काही बारीक, वाकड्यातिकड्या रेषा होत्या, त्यांनाही त्याने ‘बुरशीने खाल्लेले’ ठरवले. प्रत्यक्षात खऱ्या चामड्यावर जनावराला काटा लागल्याच्या, कीटक चावल्याच्या किंवा कातडीच्या सुरकुत्यांच्या खुणा राहू शकतात. त्यांना डाग म्हणत नाहीत आणि त्या काढायच्याही नसतात.

सौदा साडेआठ हजार रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी असा ठरला. हा दर त्याने सर्व सीटचा संपूर्ण पृष्ठभाग चामड्याचा आहे असे धरून लावला होता. काम सुरू करताना रसायनाचा वास डोक्यात जातो असे सांगून त्याने आम्हाला घरात बसायला सांगितले. थोड्याच वेळात अंगणातून मोगऱ्याच्या स्प्रेचा दर्प येऊ लागला आणि त्याच्या आडून रंगाच्या दुकानात येतो तसा थिनरचा वास. दोन-अडीच तासांत त्याने काम आटोपले. सीट एकसारख्या रंगाच्या आणि लखलखीत दिसत होत्या, एकही डाग उरलेला नव्हता. “उद्यापर्यंत कुणी बसू नका, काचा बंद ठेवा,” एवढी सूचना देऊन आणि पूर्ण रक्कम मोबाइलवर घेऊन तो गेला. त्या सूचनेचा खरा उपयोग त्यालाच होता, कारण त्यामुळे पहिला माणूस सीटवर बसण्यापूर्वी त्याला गाव सोडता आले.

पुढच्या रविवारी आम्ही गणपतीपुळ्याला निघालो. तिथे उतरताना सासऱ्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर मागच्या बाजूने बदामी रंगाचा मोठा पट्टा उमटलेला दिसला. हात टेकला की सीट चिकट लागत होती. चालकाच्या सीटच्या बाहेरच्या कडेला, जिथे चढता-उतरताना सतत घासले जाते, तिथला रंग बारीक सुरळ्या होऊन निघत होता आणि खाली चामड्याचा खरबरीत, निस्तेज भाग उघडा पडला होता. काही काळाने शिवणींतून बुरशीही पुन्हा डोकावू लागली. त्याला फोन केला तेव्हा आधी त्याने गाडी उन्हात ठेवल्याचा दोष आमच्या माथी मारला आणि नंतर उपाय म्हणून सवलतीच्या दरात सीटकव्हर घालून देण्याची तयारी दाखवली. कव्हरखाली सगळेच झाकले जाते, हे त्याला चांगले ठाऊक होते. आमच्या गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असल्याची पट्टी शिवलेली आहे. अशा सीटवर साधे कव्हर घातल्यास अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो, याची त्याला फिकीर नव्हती.

खरा प्रकार समजला तो गावातल्या जुन्या कुशनवाल्या चाचांकडे. त्यांनी मागच्या सीटची बैठक उचलली, खालच्या बाजूच्या क्लिपा सोडवल्या आणि कापडाची कड उलटी करून माझ्या हातात दिली. मधल्या पट्ट्याची उलटी बाजू बोटांना केसाळ, मखमलीसारखी लागत होती आणि कापलेल्या कडेला तंतू दिसत होते. बाजूच्या पट्ट्याच्या मागे मात्र सरळ विणलेले जाळीदार कापड होते. “चामडं एवढंच आहे दादा, बसायच्या जागेचं. बाजू, पाठीमागचा भाग, डोकं टेकायची उशी, हे सगळं रेक्झिन,” असे त्यांनी सांगितले. अनेक कंपन्या अशीच रचना करतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु आमच्याकडून रेक्झिनच्या ‘चामडे पोषणा’चेही पैसे घेतले गेले होते, आणि रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला प्लास्टिकचा थर. त्याला कसले पोषण देणार?

त्या माणसाने नेमके काय केले असावे, हेही चाचांनी उलगडून सांगितले. थिनरने पुसल्यावर पेनची रेघ आणि जीन्सचा रंग निघतो, कारण त्यांच्यासोबत वरचा पारदर्शक थर आणि मूळ रंगही विरघळतो. आगळाचा डाग तेवढ्यानेही निघाला नव्हता, तो नुसता झाकला गेला होता. उघड्या पडलेल्या भागावर त्याने बुटाच्या पॉलिशच्या जातीचा रंग चोळला आणि चमक यावी म्हणून वरून सिलिकॉनचा स्प्रे मारला. हा रंग पृष्ठभागाला धरून राहत नाही; उष्णतेने आणि घामाने तो कपड्यांवर उतरतो. सिलिकॉनची चमक काही दिवसांची असते, पण त्यावर पुढे खरा रंग देणे अवघड होते, कारण नवा रंग तिथे पकड घेत नाही. योग्य पद्धतीने रंगकाम करायचे झाल्यास सीट पूर्ण स्वच्छ करून तिचा तेलकटपणा घालवावा लागतो, पृष्ठभाग हलका घासावा लागतो, पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग पातळ थरांनी देऊन प्रत्येक थर वाळवावा लागतो आणि शेवटी संरक्षक थर द्यावा लागतो. एवढे सगळे अंगणात उभ्या गाडीत दोन-अडीच तासांत होत नाही.

बुरशीच्या बाबतीत तर त्याने अपायच केला. ओलसर सीटवर रंग आणि सिलिकॉन चढवून काचा बंद ठेवायला लावल्याने आतली ओल आतच कोंडली. बुरशीवर पहिला उपाय म्हणजे कोरडे ऊन असलेल्या दिवशी चारही दरवाजे उघडे ठेवून गाडी पूर्ण वाळवणे. त्यानंतर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून बुरशी पुसावी आणि पायाखालचे मॅट उचलून खालचा गालिचा ओला आहे का ते पाहावे. अनेकदा ओल तिथेच मुरलेली असते आणि लोक सीट घासत बसतात. खोबरेल तेल चोळण्याची आपल्याकडची सवय मात्र इथे सोडून द्यावी. थर दिलेल्या चामड्यात तेल जिरत नाही, ते वर राहून धूळ धरते आणि कुबट वास येऊ लागतो. धुण्याचा सोडा आणि भांडी घासण्याची पावडरही वर्ज्य समजावी, कारण चामडे मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि तीव्र क्षारांनी ते कडक होत जाते. सीटला बारीक छिद्रे असतील तर पाणी किंवा फेस थेट सीटवर ओतू नये, फडक्यावर घ्यावा.

असे काम करून घ्यायचे असल्यास नमुन्याची जागा तुम्ही निवडा आणि ती सर्वांत हट्टी डागाची असू द्या. पुसलेला भाग वाळल्यानंतर पांढरे, किंचित ओले सुती फडके त्यावर जोर देऊन घासा. फडक्यावर सीटचा रंग उतरला, तर डाग निघालेला नसून झाकला गेला आहे किंवा सीटचा मूळ रंगच विरघळतो आहे. वापरली जाणारी बाटली पाहायला मागा. लेबल नसलेल्या बाटलीतून काही लावू देऊ नका आणि काम चालू असताना तिथून हलू नका. जुना आगळाचा डाग किंवा कित्येक महिने राहिलेली शाई पूर्ण निघेलच, अशी हमी देणाऱ्यापेक्षा ‘फिकट होईल, पण खूण राहील’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा. चाचांनी आमच्या आगळाच्या डागाबाबत हेच सांगितले आणि तेवढा पट्टा बदलण्याचा दर त्या माणसाने घेतलेल्या रकमेपेक्षा बराच कमी निघाला.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हीच फडक्याची परीक्षा करून पाहावी, कारण विक्रीपूर्वी सीट अशाच रंगवल्या जातात. विशेषतः २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला आलेल्या पुरानंतर आपल्या भागात पाण्यात बुडालेल्या गाडीची भीती सर्वांनाच आहे. सीट चमकत असली तरी खालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेषा आणि गालिच्याखालचा गाळ सहसा लपवता येत नाही.

शेवटी बिलासंबंधी. आम्हाला दिलेल्या कागदावर जीएसटीचे १,५३० रुपये स्वतंत्र दाखवले होते, पण त्यावरचा नोंदणी क्रमांक अकरा अक्षरांचा होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ या आकड्याने होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर वसूल करण्याचा कायद्याने अधिकारच नाही. छोट्या कारागिराची नोंदणी नसणे हा गुन्हा नव्हे, पण नोंदणी नसताना कर आकारणे ही उघड लबाडी आहे. पैसे ज्या खात्यावर गेले त्याचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नव्हते, हेही नंतर लक्षात आले.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. बिल, पैसे पाठवल्याची नोंद, कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे आणि चाचांनी लिहून दिलेला अभिप्राय आम्ही एकत्र ठेवला आहे. हेल्पलाइनवरची तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर त्याने १,५३० रुपये कोणतेही स्पष्टीकरण न देता परत पाठवले. उरलेल्या साडेआठ हजारांसाठी रत्नागिरीच्या आयोगाकडे अर्ज देण्याची तयारी चालू आहे.