उंबरठ्यावरूनच परत पाठवणारे अपग्रेड : विंडोज 11

सावदा येथील आमच्या केळी-वाहतुकीच्या कार्यालयात 2018 च्या दिवाळी पाडव्याला घेतलेला संगणक आजही रोज सकाळी सात वाजता सुरू होतो. सातव्या पिढीचा कोअर आय5-7400 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि नंतर बसवलेली 240 जीबीची एसएसडी एवढ्यावर तो ट्रकच्या बिल्ट्या, वजनकाट्याच्या पावत्यांच्या नोंदी आणि भाड्याचा हिशेब सांभाळतो. खान्देशातील मे महिन्याची झळ आणि अवेळी जाणारी वीज सोसूनही त्याने कधी काम अडवले नाही. अशा संगणकाला विंडोज 11 ने नाकारले, याचे मला वाईट वाटते आणि रागही येतो.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार असल्याने मी त्याआधीच संगणक विंडोज 11 साठी चालेल का हे तपासणारे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून पाहिले. पहिल्या वेळी टीपीएम 2.0, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय, नसल्याचे दिसले. प्रत्यक्षात ती सोय मदरबोर्डमध्ये होतीच, फक्त बंद होती. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन तीच सोय देणारा इंटेल पीटीटी हा पर्याय चालू केला आणि सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारे सिक्युअर बूटही सुरू केले. पुन्हा तपासणी केली, तेव्हा टीपीएम, सिक्युअर बूट, रॅम, साठवण अशा एकेका ओळीपुढे हिरवी खूण आली आणि प्रोसेसरच्या ओळीपुढे मात्र फुलीच राहिली. रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते. या फुलीवर संगणक बदलण्यावाचून दुसरा अधिकृत उपाय नाही.

विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी सुरक्षिततेचे आणि स्थिरतेचे कारण देते. सुरक्षिततेचा आग्रह मला मान्य आहे, कारण शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब याच संगणकावर असतो. परंतु तिची इंटेलच्या मान्य प्रोसेसरची यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होत असताना सातव्या पिढीतील आय7-7820एचक्यू या प्रोसेसरला काही निवडक उपकरणांपुरती सूट मिळते, आणि दोनच कोअरचा सेलेरॉन एन4000 यादीत बसतो, तर चार कोअरचा, 3 गिगाहर्ट्‌झचा आमचा प्रोसेसर बाहेर राहतो. वेग हा निकष नसेल, तर नेमके काय कमी पडते, हे ग्राहकाला त्याच पडद्यावर सरळ सांगायला हवे होते.

धाकट्या भावाच्या नव्या लॅपटॉपवर मी विंडोज 11 वापरले आहे. खिडक्या शेजारी-शेजारी मांडण्याची त्यातील सोय बिल्टी आणि खातेवही एकत्र पाहताना खरोखर उपयोगी पडते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत, बदल करून जुन्या संगणकावरही ते बसवता येते. मात्र अशा संगणकाला पुढील अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही, म्हणून मी तो मार्ग टाळला. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचाही विचार केला, पण आमचे बिल्टीचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते.

अखेर विंडोज 10 च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केल्यामुळे ती विनामूल्य झाली आणि 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सोय झाली. जळगावातील एका विक्रेत्याने जुना संगणक बदल्यात घेऊन नवा देण्याची तयारी दाखवली. जुन्याची किंमत त्याने पंधराशे रुपये सांगितली. मी संगणक परत आणला, पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली आणि दुसऱ्या दिवशीच्या बिल्ट्या त्याच्यावरच काढल्या.