फोर्जिंगचं सिम्युलेशन करून घेताय? आधी जुनी डाय हातात द्या

मालवण-वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरवाल्यांसाठी आम्ही कुडाळ एमआयडीसीत शॅकल (दोर-साखळी जोडायची यू आकाराची कडी) फोर्ज करतो, म्हणजे तापलेला बार डायमध्ये, पोलादी साच्यात, हॅमरने ठोकून घडवतो. बाकाच्या आतल्या अंगाला लॅप पडायचा. म्हणजे धातू वळताना स्वतःवरच दुमडतो, घडी आत दबते आणि वरून केसासारखी रेघ तेवढी दिसते. ओढ बसली की शॅकल तिथूनच फाटते. डाय बदलायचं ठरलं, म्हणून एका सल्लागाराला सिम्युलेशनचं, म्हणजे धातू डायमध्ये कसा भरेल ते आधी संगणकावर बघायचं, काम दिलं. निम्मे पैसे आगाऊ.

रिपोर्ट आला तो लाल-निळ्या चित्रांनी गच्च भरलेला. निष्कर्ष एका ओळीचा: नवी डाय पूर्ण भरते, दोष नाही. त्या भरवशावर डाय कापून घेतली आणि पहिल्याच लॉटमध्ये तीच रेघ! हॅमरवरचा मिस्त्री रिपोर्ट चाळून म्हणाला, “साहेबानू, चित्रां बरी आसत, पण घडी खंय आसा?”

करारात मूळ फाइल मागितली होती, म्हणून वाचलो. ओळखीतल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सरांनी ती उघडली. मटेरियल लिनिअर इलॅस्टिक, तापमान 30, घर्षण शून्य. पोलाद कसलं, स्प्रिंगच ती. दाब काढला की तुकडा पुन्हा सरळ. ताण 4000 मेगापास्कलच्या वर दाखवलेला, तेवढा सोसणारं ईएन 8 पोलाद जगात नाही. आम्ही बार 1200 अंशांच्या आसपास तापवतो. तिथे पोलाद कितीतरी मऊ असतं, शिवाय घाव किती वेगाने पडतो यावरही त्याचा विरोध ठरतो. म्हणून व्हिस्कोप्लास्टिक मॉडेल (कायमचं वाकणारं, वेगानुसार विरोध करणारं मटेरियल) घ्यायचं, उष्णतेचं गणित सोबत चालवायचं, गणितासाठी तुकड्याचे बारीक भाग पाडणारी जाळी वेडीवाकडी झाली की नव्याने विणायची. साधा ब्रॅकेट तपासायच्या त्या इलॅस्टिक पद्धतीत लॅप दिसणारच नाही.

सल्लागाराला आधी जुनी, बिघडलेली डाय द्या आणि दोष कुठे आहे ते सांगू नका. लॅप त्याच जागी दिसला तरच नव्या डायला हात लावू द्या. मटेरियलचा डेटा कोणत्या तापमानाचा, घर्षण किती धरलं, हे लेखी घ्या; वंगण म्हणून ग्रॅफाइट मारलेल्या गरम कामाला शिअर फॅक्टर (घर्षणाचा आकडा) साधारण 0.3 धरतात. बिलेटचं, म्हणजे घडवायच्या तुकड्याचं, घनफळ सुरुवातीचं आणि शेवटचं ताडून बघा. जाळी विणताना ते गळत गेलं, तर डाय भरल्याचं उत्तर भरवशाचं नाही.

उरलेले पैसे आम्ही अडवलेत. तो ‘सॉफ्टवेअरची मर्यादा’ म्हणतो. सॉफ्टवेअर बिचारं चांगलं होतं, मटेरियल प्लास्टिक, म्हणजे कायमचं वाकणारं, धरायचा पर्याय त्यात होता. फक्त त्याला वेळ लागतो. परवा रत्नागिरीकडच्या एका वर्कशॉपला त्याचा रिपोर्ट गेला. कव्हर नवं, आतलं पहिलं चित्र आमच्याच शॅकलचं.